फलकावरची तारीख

पहाटे सव्वापाच. आमच्या गावाला मार्चपासून आठव्या दिवशी पाणी येतं. कुठल्या गल्लीला नेमकं किती वाजता, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर असलेल्या माझा दिवस त्याच्यापाशी सुरू होतो.

रस्त्यातलं लोखंडी झाकण तो पहारीनं बाजूला करतो, खड्ड्यात बॅटरी मारतो आणि कमरेएवढी लांब चावी खाली सोडतो. दोन्ही हातांनी आटे मोजत फिरवतो. आधी पाइपात हवा खळखळते, नळ फुसफुसतात, मग पाण्याची धार लागते. पाच मिनिटांत गल्लीतल्या मोटारी एकामागून एक सुरू होतात आणि टोकाच्या घरांचा दाब जातो.

"टाकी अर्धीच भरलीय भाऊ. वरच्या आळीला आज पाऊण तासच देतो. तेवढं टाका, नाहीतर बाया मला धरतील."

टाकीची पातळी, सोडायची वेळ, बंद करायची वेळ. तिन्ही वहीत लिहून घेतो आणि सहाच्या आत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. उद्या छापून येईपर्यंत या बातमीचा उपयोग संपलेला असतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले आणि ते योग्यच होतं. पण घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला गाडीचा फोटो नको असतो, आपल्या गल्लीत टँकर किती वाजता येणार ते हवं असतं. गावच्या बातमीचं मोल मी तेव्हापासून याच मापानं मोजतो.

साडेसात. चहा आणि फोन. घंटागाडी दोन दिवस फिरकली नाही. शाळेमागचा पथदिवा बंद. मोकाट कुत्र्यांनी एका पोराला चावलं. प्रत्येकाकडून प्रभाग आणि जवळची खूण विचारून घेतो.

दहा. नगरपरिषदेचा सूचना फलक. माझ्या मते गावातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर इथे असतो आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. काचेमागे कागदावर कागद टाचलेले आहेत. रस्त्याच्या निविदेखाली चतुर्थ वार्षिक कर आकारणीची सूचना निम्मी झाकली गेली आहे. दर चार वर्षांनी घरांची नव्यानं मोजणी होऊन घरपट्टी ठरते. प्रस्तावित आकारणी मान्य नसेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. मुदत गेली की पुढची चार वर्षं तोच आकडा बोकांडी बसतो. आणि ती मुदतीची तारीखच निविदेच्या कागदाखाली गेलेली. शिपायाला सांगून वरचा कागद हलवून घेतला. मग फोटो काढला.

तेवढ्यात एक आजी जवळ आल्या. पिशवीतून घडी केलेली नोटीस काढली. "बाळा, एवढं वाचून दाखव."

बांधकामाचा प्रकार या रकान्यात लिहिलं होतं: आरसीसी.

"आजी, घरावर स्लॅब आहे का?"

"कुठला रे स्लॅब? पत्रे आहेत. पावसात ताटल्या मांडाव्या लागतात."

शेवटची तारीख शुक्रवार. कोऱ्या कागदावर अर्ज लिहून दिला: घर पत्र्याचं आहे, जागेवर येऊन पाहणी करावी. दोन प्रती केल्या. आजींनी अंगठा नाही, सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत. आवक-जावकच्या टेबलावर एक प्रत दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला.

"शिक्का बसला म्हणजे काम झालं ना?"

"नाही आजी. आता सुनावणीची तारीख येईल. त्या दिवशी तुम्हाला यावं लागेल."

आजींनी ती पोच देवळातल्या अंगाऱ्यासारखी जपून पुडीत बांधली. मी ती घडी घालायची पद्धत पाहत राहिलो. माझी आजची मुख्य बातमी ठरली होती.

साडेबारा. जन्म-मृत्यूचा विभाग. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा, हे मी दर दोन महिन्यांनी छापतो आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी ती मुदत चुकवून आलेला इथे भेटतो. पुन्हा छापीन.

एक. वसुली पथक बाजारपेठेत फिरतंय. मार्चअखेर आहे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, एवढी ओळ घेतली आणि जेवायला घरी गेलो.

तीन. सर्वसाधारण सभा. काही वर्षं इथे प्रशासक होते. ठराव व्हायचे, पण ते होताना कुणी पाहत नसे. २०२५ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि सभागृहातल्या खुर्च्या पुन्हा भरल्या. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. विषयपत्रिकेवरचे विषय सरले की 'ऐनवेळचे विषय' येतात. वार्ताहरानं कान टवकारायचे ते इथेच, कारण हे विषय आधी कुणी वाचलेले नसतात. गलक्यात 'मंजूर, मंजूर' सुरू झालं. तेव्हा मागच्या रांगेतल्या पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक ताई उभ्या राहिल्या. "विषय वाचून दाखवा. रक्कम किती, कुठल्या लेखाशीर्षातून, तेही सांगा." बसा म्हणणाऱ्यांना न जुमानता त्या उभ्याच राहिल्या. शेवटी विषय वाचला गेला. वाचल्यावर दोघांनी आक्षेप घेतला आणि तो पुढच्या सभेवर गेला. ही लोकशाही मला फार मोलाची वाटते. तिची बातमी चार ओळींची असली तरी मी ती सोडत नाही.

सहा. लिहायला बसलो. तीन वर्षांपूर्वी एका शिबिराचा वार मी चुकीचा लिहिला होता, बुधवारऐवजी मंगळवार. एक मजूर बाई रोज बुडवून, कडेवर लेकरू घेऊन, रिकाम्या मांडवाशी येऊन उभी राहिली. रागावली नाही. "पेपरात तसंच होतं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक तारीख मी कॅलेंडरवर बोट ठेवून वाराशी ताडून पाहतो आणि संबंधित टेबलावर फोन करून खात्री करतो.

साडेनऊ. डेस्कवरून फोन. जागा कमी आहे, सभेची बातमी कापू का? कापा म्हटलं. हरकतीच्या बातमीतली तारीख आणि पोचेची ओळ मात्र तशीच ठेवा. ठेवली.

पावणेअकरा. व्हॉल्व्हवाल्याचा निरोप: उद्या स्टेशन रोड, पहाटे साडेपाच. ग्रुपवर टाकला.

गावकऱ्यांनो, घरपट्टीच्या नोटिशीतला बांधकामाचा रकाना आज नीट वाचा. चूक असेल तर शुक्रवारच्या आत दोन प्रतींत हरकत द्या आणि शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय टेबल सोडू नका.