गेलर्टच्या समाधीपर्यंतची पाऊलवाट

आपला मुलगा वा मुलगी इंग्लंडात स्थायिक असेल, तर एखाद्या उन्हाळ्यात वेल्सच्या डोंगरांतही आपले जाणे होईल. तेथील बेदगेलर्ट हे चिमुकले गाव जरूर पाहावे. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला मी तेथे नेले होते.

कोल्विन आणि ग्लासलिन या नद्यांच्या संगमावर दगडी घरांचे हे गाव वसले आहे. नदीकाठच्या सपाट वाटेने सुमारे अर्ध्या मैलावर गेलर्ट नावाच्या श्वानाची समाधी लागते. राजपुत्र लेवेलिन शिकारीहून परतला, तो कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले आणि बाळाचा पाळणा उलटलेला! त्याने तत्क्षणी तलवार चालवली. मग दिसले सुखरूप बाळ आणि मेलेला लांडगा. ‘‘अरे, ही तर आपल्या मुंगसाची गोष्ट!’’ आई उद्गारली. पंचतंत्रातील त्या कथेशी हिचे नाते अभ्यासकांनीही जोडले आहे. पर्यटक यावेत म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खानावळवाल्याने ही समाधी रचली, असेही सांगतात. आईने मात्र हात जोडलेच.

परतताना तिला चालवेना. बाकावर बसवून पाहिले, तो पावले सुजलेली. ‘‘परक्या मुलखात स्वच्छतागृह कुठे शोधणार? दोन दिवस लघवीची गोळी घेतलीच नाही,’’ ती हळूच म्हणाली. शेजारच्या खोलीत निजणाऱ्या डॉक्टर मुलाला याचा पत्ता नव्हता!

ज्येष्ठांनो, संकोचापोटी गोळी परस्पर बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का आणि पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारा. सूज वाढली किंवा आडवे होताच धाप लागली, तर मात्र थांबू नका. आणि सोबत्यांनो, हा विषय आपणच काढा. थंड हवेत तहान जाणवत नाही, त्यामुळे पाण्याकडेही लक्ष असू द्या.

गावातील सेंट मेरीचे जुने चर्च निवांत पाहता येते. जवळची सिगन तांब्याची खाण पायऱ्यांची आहे. गुडघे दुखत असतील तर ती सोडावी. अ‍ॅबरग्लासलिन घळीतील वाट खडकाळ, निसरडी. पण वेल्श हायलँड रेल्वे त्याच घळीतून जाते. दुसऱ्या दिवशी आईने सकाळी सहालाच गोळी घेतली, अकरापर्यंत निवांत झाली आणि गाडीत खिडकीजवळची जागा तिनेच पटकावली.