मेथीची देठे, चहाचा चोथा आणि अत्तींची तिप्पी

मेथीची जुडी निवडली की देठांचा एवढा ढीग उरतो, की पैसे भाजीचे दिले की देठांचे असा प्रश्न पडावा. त्यात कोबीची वरची पाने, केळ्यांच्या साली, चहाचा चोथा, देवाचे निर्माल्य. चौघांच्या घरात रोज पातेलेभर तरी हा ऐवज जमतो. पूर्वी तो परड्यातल्या उकिरड्यात नाहीतर शेजारच्या म्हशीपुढे जाई. आता परडे गेले, म्हैसही गेली. सकाळी कचऱ्याची गाडी येते आणि सारे तुरमुरीच्या वाटेला लागते.

तुरमुरीकरांनी दुर्गंधीबद्दल आवाज उठवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. खरे तर भाजीच्या देठाला तसा वास नसतोच. ओले-सुके एकत्र कोंबून पिशवीला गाठ मारली की हवा कोंडते, हवेवाचून जगणारे जंतू वाढतात, मग मिथेन आणि घाण वास. तीच देठे सुक्या पाल्यात, मोकळ्या हवेत ठेवली तर पहिल्या पावसासारखा वास येणारी काळी माती होते. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सांगितले होते.

आमच्या घरी मात्र हा विषय नियमांमुळे आला नाही. माझ्या अत्ती, म्हणजे सासूबाई, बैलहोंगलकडच्या. जुने घर सोडून फ्लॅटमध्ये आल्या त्या नाखुषीनेच. झाडलोट नाही, परडे नाही. दिवसभर खिडकीपाशी बसून असायच्या, जेवणही कमी झाले होते. एकदा मी साली प्लास्टिकच्या पिशवीत बांधत होते, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "भूमितायीचं तिला द्यायचं, अशी गाठ मारून नाही," एवढेच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी कुंभाराकडून दोन मोठी मडकी आणली. आज त्या मडक्यांना हात लावायचा तर मला त्यांची परवानगी लागते! माझ्या माहेरी ज्याला उकिरडा म्हणतात त्याला अत्ती तिप्पी म्हणतात, खताला गोब्बर. मुलगी दोन्ही शब्द सर्रास वापरते.

या विद्येला शास्त्राची बैठक मिळाली ती आपल्याला परक्या नसलेल्या गावी, होळकरांच्या इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या शेती संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात होते. इथल्या शेतकऱ्यांचा अनुभव आणि चिनी शेतकऱ्यांची रीत यांतून त्यांनी पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग अधूनमधून उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत देणारे, भोके ठेवलेले विटांचे टाके काढले. 'नाडेप' ही त्यांचीच आद्याक्षरे. पण ते टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच. फ्लॅटच्या गॅलरीत कुठे मावायचे!

मडक्याचे काम सोपे आहे. बुडाला आणि बाजूंना भोके पाडावीत, तळाशी नारळाच्या शेंड्या आणि सुका पाला घालावा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकला की वर तेवढाच, जमल्यास दुप्पट, सुका पाला. आठवड्यातून एकदा काठीने ढवळावे, सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुने खत शिंपडावे. मूठ दाबली तर ओल जाणवावी, पाणी गळू नये. वास आला तर पाला कमी पडला असे समजावे. मुंग्या झाल्या तर कोरडे पडले. चहाचा चोथा धुऊन घ्यावा, नाहीतर साखरेला मुंग्या येतात. तेल-मिठाचे शिजलेले अन्न, मासळी-मटणाची हाडे नकोत. उंदरांना आमंत्रण कशाला? आपल्याकडचा पाऊस म्हणजे पाऊस, तेव्हा जूनपासून मडक्यावर झाकण हवेच. एक मडके भरले की ते मुरायला ठेवून दुसरे सुरू करावे. अडीच-तीन महिन्यांत ढीग बसून पावपट उरतो.

हे खत दिसायला थोडे, पण बेळगावच्या तांबड्या मातीला त्याची गरज फार. पावसाने तिच्यातले सत्त्व धुऊन जाते. खत मिसळले की पाणीही धरून राहते. कुंडीला महिन्याकाठी दोन मुठी पुरतात. आमच्या कढीपत्त्याला अत्ती वरून पातळ ताकही घालतात. "हित्तल गिड मद्दल्ल," म्हणजे परसातल्या झाडाला कोणी औषध मानत नाही, अशी कानडी म्हण आहे. अत्तींचा मात्र गॅलरीतल्या तुळशी-ओव्यावरच भरवसा जास्त.

सुका पाला मिळवणे हीच आता खरी अडचण. खालच्या मजल्यावरच्या वहिनी आंब्याचा पाला पोत्यात भरून वर पाठवतात. त्यांच्याशी अत्तींनी कानडीत करार केला आहे: चार पोती पाला, एक पिशवी गोब्बर, आणि दुंडु मल्लिगेला कळ्या आल्या की पहिला गजरा इकडे.