कॉलेज रोड ते पंचवटी, व्हाया मुंबई

कॉलेज रोडवरून पंचवटीतल्या मित्राला व्हिडिओ कॉल लावलात. रिक्षाने गेलात तर पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. पण तुमचं कनेक्शन एका कंपनीचं आणि त्याचं दुसरीचं असेल, तर तुमचा ‘काय रे, जेवलास का?’ बऱ्याचदा कसारा घाट उतरून मुंबईला जातो, तिथे एका कंपनीच्या राऊटरवरून दुसरीच्या राऊटरवर उडी मारतो आणि घाट चढून परत नाशकात येतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे जाऊन-येऊन चारशे किलोमीटरला लागतात जेमतेम 2 मिलिसेकंद. पापणी लवायलाही याच्या किमान पन्नासपट वेळ जातो. म्हणून तक्रार कुणी करत नाही.

मुंबईच का? समुद्राखालून येणाऱ्या केबल तिथे किनाऱ्याला लागतात, म्हणून सगळ्या कंपन्यांनी आपली मोठी यंत्रं तिथेच मांडली. देशातल्या देशातला डेटा उगाच परदेशवारी करून येऊ नये यासाठी 2003 साली ‘निक्सी’ ही संस्था निघाली. तिच्या एक्स्चेंजमध्ये कंपन्या एकमेकींना डेटा हातोहात देतात. परदेशवारी वाचली, नाशिककराची मुंबईवारी काही पुरती सुटली नाही. यूट्यूबचं मात्र वेगळं. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती गूगल इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये बसवलेल्या आपल्या सर्व्हरवर ठेवून देतं, त्यामुळे एखादा गाजलेला व्हिडिओ कदाचित घाट उतरतही नसेल.

आता ही ‘मोठी यंत्रं’ म्हणजे काय? कंपन्यांच्या नेटवर्कच्या गाभ्यातले राऊटर, म्हणजेच कोअर राऊटर. घरातला राऊटर म्हणजे दोन अँटेना उभारलेली पांढरी डबी. कोअर राऊटरला अँटेना नाही, वायफाय नाही, पासवर्ड विचारायला येणारे पाहुणे नाहीत. असतं ते एक लोखंडी कपाट, त्यात खाचांमध्ये सरकवलेली कार्डं, आणि पंख्यांचा असा गोंगाट की शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. कार्ड बिघडलं तर यंत्र चालू ठेवूनच ते ओढून काढायचं आणि नवं सरकवायचं. वीजही घरातली नाही: टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या रिवाजाप्रमाणे उणे 48 व्होल्ट डीसी, बॅटऱ्यांच्या रांगेतून. उणे एवढ्यासाठी, की जमिनीत पुरलेली तांब्याची तार कमी गंजावी. तांबं गेलं, काच आली, उणे 48 काही हटलं नाही.

2004 साली सिस्को कंपनीने ‘सीआरएस-1’ हा कोअर राऊटर आणला. अशी अनेक कपाटं जोडली की क्षमता सेकंदाला 92 टेराबिट. गिनीज बुकात नाव गेलं. एकटं कपाट सुमारे 1.2 टेराबिटचं आणि वजनाला म्हशीहून जड. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत निवेट्टी या कंपनीचा 2.4 टेराबिटचा देशी राऊटर जाहीर झाला. म्हणजे क्षमतेत तसली दोन कपाटं. उशिरा, पण आपला!

हे आकडे डोक्यावरून जात असतील तर जरा मागे जाऊ. फेब्रुवारी 1989. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून अमेरिकेपर्यंत एक लाइन जोडली गेली. एर्नेट नावाच्या शैक्षणिक नेटवर्कची ही जगाकडची वाट, आणि तिचा वेग होता सेकंदाला 9,600 बिट. आजच्या कोअर राऊटरच्या एका 100 गिगाबिटच्या पोर्टमध्ये तशा एक कोटीहून जास्त लाइनी मावतात. एका पोर्टमध्ये, आणि अशी पोर्टं कपाटाला ढिगाने.

गंमत अशी, की त्याच 1989 साली जगभरच्या राऊटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत, बीजीपी, जन्माला आली, तीही जेवणाच्या टेबलावर, पेपर नॅपकिनवर खरडून. तात्पुरती म्हणून केलेली सोय आजही सगळं इंटरनेट पेलते आहे. तिचा पाया म्हणजे शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. ‘यूट्यूबकडे जायचं? माझ्याकडून या’ हा खोटा निरोप चुकून देशाबाहेर गेला आणि जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब दोनेक तास गायब झालं. दुसरी फजिती 12 ऑगस्ट 2014 ची. जगातल्या रस्त्यांची यादी 5,12,000 च्या पुढे सरकली, आणि जुन्या राऊटरांच्या मेमरीत जागा होती तेवढ्याचीच.

राऊटरमध्ये पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, रांगा लागतात. त्या रांगांत न्याय कसा करायचा, याच्या उत्तराचा एक धागा पवईला पोचतो. आयआयटी मुंबईतून 1981 साली बाहेर पडलेले जॉर्ज व्हर्गीस यांनी एम. श्रीधर यांच्याबरोबर ‘डेफिसिट राऊंड रॉबिन’ ही रीत 1995 साली मांडली. प्रत्येक रांगेला फेरीमागे ठरावीक वाटा द्यायचा. पुढचं पॅकेट वाट्याहून मोठं असेल तर ते थांबतं आणि उरलेला वाटा पुढच्या फेरीत जमा धरतात. धटिंगणाला सगळी वाट अडवता येत नाही. रेशनच्या रांगेलाही चालेल.

एवढ्या यंत्रांचा खरा शत्रू हॅकर नव्हे, जेसीबी. गटारासाठी चर खणला, फायबर तुटली आणि केबलवाल्याचा फोन लागेना, हा अनुभव नाशिकच्या कुठल्या कॉलनीला नाही? खणण्याआधी विचारा, म्हणून मार्च 2023 मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप काढलं. कोअरमध्ये मात्र फायबरचं वर्तुळ करतात. एक बाजू घाटातून, दुसरी समजा सिन्नर-संगमनेरवरून पुण्याकडे. एक तुटली की चांगल्या नेटवर्कमध्ये राऊटर 50 मिलिसेकंदांच्या आत सगळा डेटा दुसरीकडे वळवतो. म्हणूनच शहाणे इंजिनिअर एरवी दोन्ही बाजू निम्म्याच भरलेल्या ठेवतात.

आणि कुंभमेळ्याच्या गर्दीत काय होईल? नाशिकचा मागचा सिंहस्थ 2015 चा. जिओ तेव्हा बाजारात आलंच नव्हतं, ते आलं सप्टेंबर 2016 मध्ये. 2027 च्या पर्वणीला रामकुंडावर जो तो स्नान लाइव्ह दाखवणार. एरवी शहर डेटा ओढतं, त्या सकाळी बाहेर ढकलेल. तेव्हा नेट अडकलं तर शिव्या बहुधा टॉवरला द्याव्या लागतील. हजारो फोन एकाच टॉवरच्या हवेत घुसले की गर्दी तिथेच होते. कोअर राऊटर बापडा मागे निवांत असतो.

तुमच्या डेटाची वाट बघायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रेसर्ट’ लिहून पुढे एखाद्या साइटचं नाव टाका. प्रत्येक ओळ म्हणजे एक राऊटर. नावांत कधी कधी विमानतळाचे कोडही सापडतात. ‘बीओएम’ म्हणजे मुंबई. ओझरचा ‘आयएसके’ दिसला तर नशीब. मध्येच तीन चांदण्या आल्या तर घाबरू नका. बहुतेकदा तो राऊटर धडधाकट असतो, फक्त तुमच्या चौकशीला उत्तर देत नाही.