आपली नोंद, आपला हात : संगणकाच्या पडद्याची तोंडओळख



उसाची गाडी काट्यावर चढली की आपण काय करतो? मान वर करून आकडा पाहतो, पावती हातात घेतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि मगच घराकडे वळतो. "दुसऱ्याने पाहिला ना, मग झालं" असे त्या वेळी कोणी म्हणत नाही. पण तीच पावती पुढे संगणकात गेली की आपण तिच्याकडे पाठ फिरवतो. नोंद पाहायची कोणी? चिटबॉयने, गट ऑफिसातल्या कारकुनाने, नाहीतर बाजारपेठेतल्या सेंटरवरच्या पोराने. "आपल्याला त्यातलं काय कळतंय साहेब!" हे वाक्य शिवारात फिरताना आठवड्यातून दहा वेळा कानावर येते. ज्याला खोडव्याच्या फुटव्यावरून टनेजचा अंदाज बांधता येतो, त्याला चार चित्रे आणि एक बाण कळणार नाही, हे मला पटत नाही. म्हणून हा लेख.

वारणेचा धडा

सहकारी साखर कारखान्यांत हा प्रश्न आजचा नाही. वारणानगर येथे १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी मिळून तो उभा केला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील लगतची ७० गावे त्यात घेतली होती. गावोगाव संगणकाची केंद्रे निघाली. खताची उचल, तोडणीची परवानगी, गेलेल्या उसाचे वजन अशी कामे गावातच होऊ लागली. कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचला, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र संगणक चालवायचा तो केंद्रचालकाने. सभासदाने विचारायचे, चालकाने पाहून सांगायचे. केंद्र बंद तर माहितीही बंद. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी त्यातल्याच सात गावांत वेगळा प्रयोग केला. सभासदाने आपल्या साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा आणि उत्तर त्याच मोबाईलवर घ्यायचे. शेतकऱ्यांना तो पसंत पडला. माहिती तीच, आकडे तेच. फरक एवढाच की विचारणारा हात आता सभासदाचा होता.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. यंत्र गावात येऊन भागत नाही, त्यावर आपला हात चालला पाहिजे.

हे टेबल आले कोठून?

पूर्वीच्या संगणकाचा पडदा काळा असे. त्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करावा लागे; एक अक्षर चुकले की यंत्र अडून बसे. अमेरिकेत डग्लस एंगेलबर्ट या इंजिनियरने १९६० नंतरच्या दशकात हाताने फिरवायचे एक साधन केले. पहिले होते लाकडी खोक्यातले. मागे शेपटीसारखी वायर, म्हणून त्याला 'माऊस' म्हणजे उंदीर म्हणू लागले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ते लोकांना चालवून दाखवले. पुढे झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर अशी ऑफिसातल्या वस्तूंचीच चित्रे होती. अॅपलचा मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टचे विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये, आणि 'स्टार्ट' बटण व खालची पट्टी असलेले विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की चित्रांचा पडदा पंडितांसाठी केलेला नाही. हुकूम पाठ करण्याची कटकट नको, कागद हाताळणाऱ्या साध्या माणसालाही यंत्र चालवता यावे, म्हणून तो केला. १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला होता. कोणी मास्तर नाही, पुस्तक नाही. तिथली पोरे आपली आपणच तो चालवू लागली. पडद्यावरच्या बाणाला ती 'सुई' म्हणत आणि थांबा सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. नावे ठाऊक नव्हती, काम अडले नाही.

आता प्रत्यक्ष पडद्याकडे

१. टेबल : संगणक सुरू झाल्यावर जो मोकळा पडदा दिसतो त्याला 'डेस्कटॉप' म्हणतात. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. त्यावर छोटी चित्रे मांडलेली असतात, ती 'आयकॉन'. खाली आडवी पट्टी असते. कोणकोणती कामे उघडी आहेत ते तिच्यावर दिसते.

२. माऊस : तळहात सैल ठेवून धरावा. नांगराची रुमणी दाबतात तसा दाबू नये. डावे बटण एकदा दाबले की वस्तू निवडली जाते, लागोपाठ दोनदा दाबले की उघडते. दोन्ही वेळा माऊस जागेवरून हलता कामा नये. नवख्याची गाडी बहुतेक येथेच अडते. उजवे बटण दाबले की त्या वस्तूचे काय काय करता येईल याची यादी येते. मधले चाक फिरवले की पान वर-खाली सरकते. आणि माऊस टेबलाच्या कडेला येऊन थांबला तर? उचलायचा आणि पुन्हा मध्ये ठेवायचा. उचलल्याने बाण जागचा हलत नाही.

३. फाईल आणि फोल्डर : येथे आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो. आपण पुठ्ठ्याच्या कव्हरला 'फाईल' म्हणतो आणि आतल्याला 'कागद'. संगणकात आतला एकेक कागद म्हणजे 'फाईल', आणि ज्यात तो ठेवायचा ते कव्हर म्हणजे 'फोल्डर'. एवढे डोक्यात बसले की अर्धी लढाई जिंकली. 'गळीत हंगाम' नावाचा एक फोल्डर करावा आणि आपल्या पावत्या, बिले त्यात ठेवावीत.

४. खिडकी : काहीही उघडले की ते चौकटीत उघडते. तिला 'विंडो' म्हणजे खिडकी म्हणतात. विंडोजमध्ये उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडवी रेघ दाबली की खिडकी खालच्या पट्टीत जाऊन बसते. कागद फाटला नाही, बाजूला ठेवला आहे. चौकोन दाबला की ती पडदाभर होते. फुली दाबली की बंद होते. एका खिडकीवर दुसरी आली म्हणून खालची नाहीशी होत नाही. टेबलावर कागदावर कागद येतो, तसेच ते.

५. बाणाची रूपे : बाणाचा हात झाला की तिथे दाबले असता पुढचे पान उघडते. उभी दांडी झाली की तिथे लिहिता येते. गोल चकरी फिरू लागली की यंत्र कामात आहे असे समजावे व थांबावे. अशा वेळी दहा वेळा बटण दाबले तर काम लवकर होत नाही, उलट तुंबते.

६. पान खाली आहे : यादी पडद्यापुरती दिसली म्हणजे संपली असे नव्हे. कडेला उभी पट्टी दिसत असेल तर खाली आणखी मजकूर आहे. "माझ्या दोनच खेपा दिसतात" असे म्हणण्याआधी चाक फिरवून पाहावे.

७. भीती आणि खबरदारी : "चुकून काही पुसलं तर?" ही मोठी धास्ती. संगणकातून पुसलेला कागद सहसा आधी रद्दीच्या टोपलीत जातो आणि टोपली रिकामी करेपर्यंत परत काढता येतो. पेन ड्राईव्हवरून पुसलेला मात्र टोपलीत जात नाही, तेवढे सांभाळावे. लिहिताना चूक झाली तर 'कंट्रोल' व 'झेड' ही दोन बटणे एकत्र दाबली की मागचे पाऊल मागे घेता येते. लिहिलेले मात्र 'कंट्रोल' व 'एस' दाबून अधूनमधून जतन करावे. आपल्याकडची वीज सांगून जात नाही. बंद करताना भिंतीवरचे बटण एकदम ओढू नये. स्टार्टमध्ये जाऊन 'शट डाऊन' करावे.

"मोबाईल आहे की हातात!"

खरे आहे. मोबाईलवर बोट हाच माऊस, आणि बरीच कामे त्यावर होतात. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवरच आहे. पण दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहायचे असतील तर मोठा पडदा हवा. एका खिडकीत वजनाच्या पावत्यांची यादी, दुसरीत बिल. एका खिडकीत सातबारा, दुसरीत ऊस नोंद. ही ताडणी हेच तर आपले खरे काम.

काय ताडायचे? गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि सर्वांत महत्त्वाची लागणीची तारीख. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर बसतो. आडसाली लागण पूर्वहंगामी म्हणून नोंदली गेली तर पाळी मागे जाते, ऊस उभा वाळतो, वजन घटते. मग टोळीच्या मागे लागून उपयोग नाही. तोडणी कार्यक्रम ठरण्याआधी ज्याच्या डोळ्याला ती तारीख दिसेल, त्याची चूक वेळेत दुरुस्त होईल. तसेच, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. खेपेची तारीख आणि खात्यात रक्कम आल्याची तारीख शेजारी ठेवली की दिवस बोटांवर मोजता येतात. ज्याच्यापुढे कागद आहे तो नेमका प्रश्न विचारतो, आणि नेमक्या प्रश्नाला टोलवाटोलवी चालत नाही.

शिकायचे कोठे?

पहिली सोय एमएस-सीआयटीची. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे, मराठीतूनही शिकता येतो आणि तालुक्या-तालुक्याला त्याची केंद्रे आहेत. नोकरीसाठी म्हणून पोरांनी तो केला. शेतीसाठी म्हणून बापाने आणि आईने करायला हरकत काय? बऱ्याच घरांत शेअर बाईच्या नावावर असतो आणि सही तेवढी तिची घेतली जाते. त्या भगिनींनी तर अगत्याने शिकावे.

दुसरी सोय घरचीच. आपल्या भागातली पुष्कळ मुले नोकरीसाठी मुंबईकडे गेली आणि परवडणारे घर शोधत मीरा-भाईंदरला स्थिरावली. भाईंदर पूर्वेला, खाडीच्या काठी जेसल पार्क आहे. अशा वस्तीत हंगाम आटोपला की गावाकडचे आई-वडील महिना-पंधरा दिवस राहायला जातात. सकाळी मुलगा-सून लोकलने कामाला, नातू शाळेला. संध्याकाळी चौपाटीवर फेरी होते, पण दुपार जाता जात नाही. घरात संगणक असतो. ही दुपार शिकण्यासाठी सोन्यासारखी. हसायला कोणी नाही, घाई नाही. प्रथम पत्त्यांचा सॉलिटेअर खेळावा. विंडोजमध्ये हा खेळ १९९० साली आला. पान उचलून दुसऱ्या पानावर नेता नेता हाताला माऊसचे वळण लागते. मग महाभूलेखवर गावचा सातबारा उघडून पाहावा. जेसल पार्कात बसून आपल्या विहिरीचा गट नंबर वाचताना जो विश्वास येतो, तो भाषणाने येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जमीन गावाला, वाटेकरी गावाला आणि सभासद मात्र त्या शहरात, अशी उदाहरणे आता कमी नाहीत. त्यांना तर लागण कधी झाली, कोणत्या नावाने नोंदली, खेपा किती गेल्या, हे पडद्यावरच पाहावे लागणार. वाटेकऱ्याशी हिशेब करताना दोघांपुढे एकच कागद असला की बोलणे वाढत नाही, आणि संबंधही टिकतात.

शेवटी एक कळकळीची विनंती. पासवर्ड आणि ओटीपी म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर आपण सही देत नाही, मग ओटीपी फोनवरून कोणालाही कसा सांगतो? मुलाकडून, नातवाकडून जरूर शिका, पण किल्ली आपल्या कमरेला ठेवा. बाहेरच्या सेंटरवर काम केले तर उठण्यापूर्वी 'लॉग आऊट' करा, आणि उतरवून घेतलेला सातबारा, बँकेचा कागद त्या संगणकातून पुसून रद्दीची टोपलीही रिकामी करा.

रोज अर्धा तास, असे पंधरा दिवस दिले तर वरचे सातही मुद्दे हातात बसतात. पुढच्या खेपेला मी किंवा शेती विभागाचा कोणीही माणूस बांधावर आला की "नोंद बघून सांगा" असे म्हणू नका. "नोंद मी बघितली आहे, लागणीची तारीख तेवढी चुकली आहे, दुरुस्त करा," असे सांगा. आम्हाला त्याचा आनंदच वाटेल.