नांगराच्या कारखान्यातले संपादक

तुमच्या गोठ्याच्या अडगळीत एखादा जुना किर्लोस्करी नांगर अजून पडला असेल. त्याच कारखान्यातून मराठी घरांत मासिकेही आली, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणून शेतकरी तो घेईनात. (ट्रॅक्टर आला तेव्हा आपण काय कमी शंका काढल्या?) माल चांगला असून भागत नाही, तो पटवून द्यावा लागतो. हे काम त्यांचे पुतणे शंकरराव यांनी अंगावर घेतले. शंकररावांचा जन्म १८९१ चा. मूळचे ते चित्रकार, पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले.

१९२० साली त्यांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती, एवढाच मूळ बेत. पण नुसती नांगराची जाहिरात दर महिन्याला कोण वाचणार? मग धंद्याच्या हकिगती आल्या, कथा आल्या. शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रे आली, 'टाकांच्या फेकी'! पुढे 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले.

१९३० साली त्यांनी 'स्त्री' काढले, १९३४ साली 'मनोहर'. मला नवल वाटते ते 'स्त्री'चे. लिहितावाचता येणाऱ्या बाया गावात बोटांवर मोजाव्यात असा तो काळ. आणि नांगराच्या गावातून निघालेले हे मासिक मुलीचे शिक्षण, लग्नातली तिची मर्जी यांवर उघड बोलत होते.

१९७५ साली शंकरराव वारले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले होते 'शंवाकीय'. चित्राखाली ते 'शंवाकि' अशी सही करीत.