त्या कुरणात आधी गाव होतं

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातल्या निम्म्या कॉलेज ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, 'ताडोबा कधी?' तुमच्याही ग्रुपवर फिरला असेलच. एका जिप्सीत सहा जण बसतात, आपण नेमके सात, मग सातव्याचं काय यात दोन दिवस जातात. बुकिंग ऑनलाइन, ओरिजिनल आयडी सोबत हवा, मंगळवारी कोअर बंद. हे सगळं निस्तरून भल्या पहाटे उमरेड, भिसी, चिमूर करत कोलारा गेटवर पोचावं, तर तिथे आठवण करून देतात की मोबाईल आत न्यायचा नाही. आमच्यातल्या एकाचा चेहरा तेव्हा असा काही पडला, की पुढे वाघ दिसल्यावरही तो पूर्ण उजळला नाही. ''मग फायदा काय बे?'' हा त्याचा प्रश्न.

खरं सांगते, तेव्हा मलाही तो प्रश्न पटला होता. नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं, ज्या मोकळ्या गवताळ भागात आमची जिप्सी सगळ्यात जास्त वेळ उभी होती, त्या जामणीच्या कुरणात आधी गाव होतं. घरं, धुरे, शेतं, सगळं.

ताडोबाचा इतिहास आपल्याला तारखांत सांगितला जातो. १९३५ मध्ये इथे शिकारीवर बंदी आली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं (महाराष्ट्रातलं पहिलं), १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य जाहीर झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. पण या जंगलाच्या आत माणसंही राहत होती. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी ही त्या गावांची नावं. २००७ मध्ये बोटेझरीची आणि कोळशातली काही कुटुंबं मूल तालुक्यात भगवानपूरला गेली. पुढच्या काही वर्षांत नवेगाव आणि जामणीही उठलं.

कागदावर याला 'स्वेच्छा पुनर्वसन' म्हणतात. वन्यजीव कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून व्याघ्र प्रकल्पातलं गाव लोकांच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. कुटुंबाला रोख रक्कम घेऊन निघता येतं किंवा वनविभागाकडून घर-जमिनीसह पुनर्वसन करून घेता येतं. ही रक्कम आधी १० लाख होती, २०२१ मध्ये १५ लाख झाली. तरी हा 'स्वेच्छा' शब्द मला जरा टोचतोच. पीक रानडुकरांनी खाल्लेलं, दवाखाना लांब, संध्याकाळनंतर घराबाहेर पडायची भीती. अशा ठिकाणी जावंसंही वाटतं आणि जाववतही नाही. संमतीपत्रावर मात्र एकच सही असते.

लोक गेल्यावर शेतांचं काय होतं, हे ऐकण्यासारखं आहे. नांगर थांबला की आधी येतं तण. तरोटा, रानतुळस असं कोणी फारसं खात नाही ते. ते काढून टाकलं, गवताला जागा मिळाली, की हळूहळू कुरण तयार होतं. मग चितळ येतात, गवे येतात, त्यांच्या मागे रानकुत्री आणि वाघ. दाट जंगलात वाघ वीस फुटांवर असला तरी दिसत नाही, कुरणात लांबूनही दिसतो. म्हणून तर सगळ्या जिप्स्या तिथे जाऊन थांबतात. आपल्याला जो 'सायटिंग पॉइंट' वाटतो, ते अनेकदा कुणाचं तरी धानाचं शेत असतं. नवेगाव तर आता एका गेटचं नाव आहे. तिकिटावर छापून येतं, म्हणून आपल्याला माहीत.

ताडोबा हे नावही माणसाचंच. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे दर्शनाला येतात. आता जागा कोअरमध्ये असल्यानं देवाला जायलाही वनविभागाचे नियम. आपण मोबाईलवरून कुरकुर करत होतो, ते आठवून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

बरं, नियम उगीच नाहीत. २०२४ च्या शेवटच्या दिवशी आपल्या जवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि पुढून-मागून जिप्स्यांचा घेराव. व्हिडिओ व्हायरल झाला, चालक-गाईडवर कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. खरं तर प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं आणि एका ठिकाणी १५ मिनिटांपेक्षा जास्त अडून बसायचं नाही, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. पण कारवाई होते ती गाईडवर, ''भाऊ, अजून थोडं जवळ घ्या ना'' म्हणणारे आपण मात्र घरी येऊन रील टाकतो. मोबाईल गेटवर राहिला तर निदान ती घाई तरी कमी होते. फोटो हवाच असेल तर कॅमेरा न्या, तो चालतो.

तर यंदा जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, खाली उतरायचं नाही, आणि मंगळवार टाळून बुकिंग करा. गाईड आणि चालक बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. वाघ दिसेपर्यंत बराच वेळ जातो, तेवढ्यात त्यांना विचारा, हे कुरण आधी कुणाचं होतं. आणि त्या सातव्याचं आधीच ठरवून टाका.