चॉकलेटची पापडी खुटकन का तुटत नाही?

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे दौंड तालुक्यातल्या केडगावला नाताळ जुनाच. यंदा फराळात पेपरमिंटच्या गोळ्यांचा चुरा पेरलेली चॉकलेटची पापडी करून बघा. नुसतं वितळवून थापलं, तर ती मऊ आणि पांढुरकी होते. कोको बटर सहा प्रकारे गोठतं. त्यातला चकचकीत, खुटकन तुटणारा प्रकार एकच. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७ पर्यंत निववा, पुन्हा ३१ वर आणा. पाण्याचा थेंबही नको, गुठळ्या होतात. पेपरमिंटचा गारवा मात्र निव्वळ भास: मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं, एवढंच. शिरूर-दौंडकडच्या डिसेंबरच्या रात्री पापडी गोठायला फ्रिज कशाला? त्यातल्या दमटपणानं चुरा पाघळतो. कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेल्या स्वस्त ‘कंपाउंड’ चॉकलेटच्या लादीला हा खटाटोप लागत नाही. चवही तशीच बेताची.